‘नाही’ किती वर्षं पुरतं?

काही वर्षांपूर्वी एका दुपारी एचपीव्हीच्या टेस्टची दोन गुळगुळीत माहितीपत्रकं माझ्या टेबलावर शेजारीशेजारी येऊन पडली. एकावर ठळक अक्षरांत ९८ टक्के, दुसऱ्यावर ९९. ती ठेवणारा मुलगा नम्र होता. दोन्ही कंपन्यांचा माल तोच पुरवायचा, त्यामुळे त्याला कुणाची बाजू घ्यायची नव्हती. म्हणाला, ‘‘मॅडम, मग ९९वालंच मागवू ना?’’ मी विचारलं, ‘‘कशाचे ९९?’’ त्यानं पत्रक उलटंपालटं करून पाहिलं. ते कुठे छापलेलंच नव्हतं.

विषाणू असलेल्या शंभर नमुन्यांपैकी ९९मध्ये तो सापडला, की आजाराच्या वाटेला लागलेल्या शंभर बायांपैकी ९९ जणी सापडल्या? ऐकायला सारखीच वाटणारी ही दोन वाक्यं एकमेकांपासून फार लांबची आहेत. एचपीव्हीच्या टेस्टची तुलना करणाऱ्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला मी होकार दिला, तो मुख्यतः त्या न छापलेल्या ओळीसाठी.

आधी विषाणूबद्दल थोडं. आमच्याकडे बाया ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मुळाशी जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, असतो. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेनं १९८३मध्ये त्याचा १६ नंबरचा प्रकार या कर्करोगाच्या गाठींतून वेगळा काढला, पुढच्याच वर्षी १८ नंबरचा. २००८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. १६ आणि १८ हे दोघं मिळून जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोगांना कारण ठरतात. पण गोम अशी की हा विषाणू अतिशय सामान्य आहे. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतो, आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. आला कधी, गेला कधी, पत्ता लागत नाही. ज्या थोड्याजणींत तो मुक्काम ठोकतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला दहा-वीस वर्षं जातात. म्हणजे विषाणू सापडणं हे आजार सापडणं नव्हे. पावसात भिजलेला प्रत्येक माणूस आजारी पडतोच असं नाही.

आणि म्हणूनच या क्षेत्रात एक उलटं वाटणारं सत्य आहे, ते पुस्तक उघडण्याआधी वाचकानं मनाशी पक्कं करावं. जी टेस्ट विषाणूचा एकेक कण हुडकून काढते, ती तपासणी मोहिमेसाठी वाईट टेस्ट असते. कोविडच्या दिवसांत आरटी-पीसीआरचा ‘सीटी व्हॅल्यू’ हा शब्द घरोघरी पोचला होता. किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसला यावर त्याचा अर्थ ठरतो, एवढं तेव्हा सगळ्यांना कळलं होतं. इथेही तसंच. १९९९मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्यता दिलेली आणि पुढे सगळ्यांची मोजपट्टी बनलेली ‘हायब्रिड कॅप्चर २’ ही टेस्ट घ्या. तिची उंबरठ्याची रेघ मिलिलिटरला एक पिकोग्रॅम डीएनए अशी ठेवली आहे. एका नमुन्यात विषाणूच्या साधारण ५,००० प्रती असतील तरच ती ‘आहे’ म्हणते. त्याहून कमी असतील तर गप्प बसते. तिला जाणूनबुजून थोडं आंधळं ठेवलं आहे, कारण चार-दोन प्रती घेऊन फिरणाऱ्या हजारो बायांना घाबरवून, बोलावून, कॉल्पोस्कोपीच्या, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून पाहण्याच्या, टेबलावर झोपवून हाती काहीच लागत नाही. प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांना हे पचायला जड जातं. आम्हाला वाटतं, जास्त दिसलं म्हणजे चांगलंच दिसलं.

मी मूळची स्लाइडवाली. पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरनं अमेरिकेत १९२८मध्ये पहिल्यांदा मांडलेली आणि १९४३च्या पुस्तकानं जगभर गेलेली पॅप तपासणी हाच माझा धंदा होता. लाकडी स्पॅच्युलानं पेशी खरवडायच्या, काचेवर पसरायच्या, वाळण्याआधी अल्कोहोलमध्ये बुडवायच्या, रंगवायच्या, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहात जायचं. दुपारी चारनंतर डोळे थकतात, हे कुणी पाठ्यपुस्तकात लिहीत नाही. २००६मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या साठ हजारांहून अधिक बायांच्या तपासण्या एकत्र मांडून पाहिल्या, तेव्हा उपचार करण्याजोग्या कर्करोगपूर्व बदलांपैकी एचपीव्ही टेस्टनं ९६ टक्के पकडले होते, पॅपनं ५३. जवळजवळ निम्मे हुकले! ज्यांच्याकडे यंत्रणा उत्तम, त्यांच्याकडे ही गत. मग पॅपनं पाश्चात्त्य देशांत मृत्यू इतके कमी केले कसे? पुन्हापुन्हा केल्यामुळे. यंदा हुकलेलं तीन वर्षांनी सापडतं, तेव्हाही हुकलं तर सहा वर्षांनी. आजार हळू चालतो म्हणून हे निभतं. जिथे बाई आयुष्यात एकदाच तपासणीला येईल, तिथे मात्र हे गणित कोसळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. दोन टक्केसुद्धा नाहीत.

पॅपचा एवढा खटाटोप करायचा नसेल तर व्हिनेगर. तीन ते पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. ही व्हीआयए. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं १९९८पासून दीड लाख बायांवर तिचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या मुलींना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. बारा वर्षांनंतर या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे यश लहान नाही. पण ते व्हिनेगरचं जितकं, तितकंच त्या मुलींच्या डोळ्यांचं आणि दर दोन वर्षांनी पुन्हा दार वाजवण्याचं होतं. पांढरा डाग कशाला म्हणायचं यावर दोन माणसांचं एकमत होईलच असं नसतं, आणि पाळी गेल्यावर तर जिथे डाग उठायचा ती जागाच आत सरकते.

आता मूळ मुद्द्याकडे येते, आणि तो आपल्याच मातीत आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगावी फिरून कोणाला कर्करोग झाला, कोण गेलं, याची वही ठेवायची. दिसायला रुक्ष, पण या वहीशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं. तिच्या आधारावर बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियॉंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९पासून एक चाचणी उभी केली. गावांचे ५२ गट. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट वाटले: काही गावांना एचपीव्ही टेस्ट, काहींना पॅप, काहींना व्हीआयए, आणि काहींना नेहमीचीच सरकारी सेवा. तपासणी एकदाच. मग आठ वर्षं वाट पाहणं.

तपासणीचे पहिले आकडे आले तेव्हा एचपीव्हीवाल्यांनी हिरमुसावं असं होतं. मध्यम ते तीव्र कर्करोगपूर्व बदल व्हीआयएनं ०.७ टक्के बायांत शोधले, एचपीव्हीनं ०.९ टक्के, पॅपनं १ टक्का. म्हणजे पॅपच किंचित पुढे! त्या वेळी कुणी तुलनेचं पुस्तक लिहिलं असतं तर ‘तिन्ही सारख्याच, मग स्वस्त ती घ्या’ असा निष्कर्ष छापून मोकळं झालं असतं. आणि तो चुकला असता.

आठ वर्षांनी वही उघडली. नेहमीच्या सेवेच्या गटात ६४ बाया या कर्करोगानं गेल्या होत्या, एचपीव्हीच्या गटात ३४. पुढच्या टप्प्याला पोचलेले कर्करोग एकीकडे ८२, दुसरीकडे ३९. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये असा ठोस फरक दिसला नाही. गंमत म्हणजे कर्करोग झालेल्यांचा एकूण आकडा एचपीव्हीच्या गटात कमी नव्हताच. उलट थोडा जास्त, १२७ विरुद्ध ११८. फरक होता तो केव्हा सापडला यात. आणि सगळ्यांत मोलाचा आकडा या चाचणीच्या शोधनिबंधाच्या पोटात दडला आहे, सनसनाटी मथळ्यात तो कधी आला नाही. ज्यांना टेस्टनं ‘नाही’ सांगितलं, त्यांचं पुढे काय झालं? पॅपनं ‘नाही’ म्हटलेल्यांत पुढच्या वर्षांमध्ये दर लाखामागे वर्षाला १५.५ जणींना कर्करोग झाला. व्हीआयएच्या ‘नाही’नंतर १६. एचपीव्हीच्या ‘नाही’नंतर ३.७. चोवीस हजारांहून अधिक बायांना एचपीव्ही टेस्टनं ‘नाही’ सांगितलं होतं. त्यांच्यातली एकही या कर्करोगानं मेली नाही.

टेस्टची किंमत तिच्या ‘नाही’त असते, असं मी म्हणते ते यावरून. पकडलेल्यांची मोजणी पहिल्या दिवशी होते, टाळ्याही त्याच दिवशी पडतात. सुटलेल्या मात्र वर्षानुवर्षं गावात फिरत राहतात, शेतावर जातात, लेकींची लग्नं लावतात, आणि सहाव्या-सातव्या वर्षी रक्तस्राव सुरू झाला की दवाखान्यात येतात. त्यांना मोजायला बार्शीसारखी वही लागते.

या अभ्यासावर गंभीर आक्षेपही घेतले गेले, आणि ते इथे टाळले तर प्रस्तावना अप्रामाणिक होईल. चौथ्या गटातल्या एकतीस हजार बायांना आरोग्यशिक्षण मिळालं, तपासणी मिळाली नाही. पॅपसारखी माहीत असलेली तपासणी उपलब्ध असताना त्यांना तसंच का ठेवलं, संमती घेताना त्यांना हे नीट समजलं होतं का, असे प्रश्न भारतात विचारले गेले, अमेरिकेतही. नेहमीच्या सेवेत तपासणी नव्हतीच, आम्ही कुणाकडून काही काढून घेतलं नाही, हा संशोधकांचा बचाव. तो खोटा नाही. तरीही ६४ हा आकडा वाचताना माझं बोट थांबतं. आज जगभर ज्या पुराव्यावर धोरणं बेतली जातात, तो या बायांच्या गावांतून आला आहे, आणि त्याच जिल्ह्यातल्या आजच्या बायांपर्यंत ती टेस्ट अजून पुरती पोचलेली नाही. आक्षेपाचा हा भाग मला कुठल्याच बचावानं मिटलेला वाटत नाही.

उस्मानाबादनंतर बाजार फुलला. २०२०मध्ये केलेल्या जागतिक मोजणीत एचपीव्हीच्या २५४ वेगवेगळ्या टेस्ट विकल्या जात होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांबद्दल एकही तपासलेला शोधनिबंध नव्हता. या जंगलात वाट कशी काढायची? दर नव्या टेस्टसाठी लाख बाया आणि आठ वर्षं कोण देणार? म्हणून २००९मध्ये नेदरलँड्सच्या मायर आणि सहकाऱ्यांनी एक शहाणी तडजोड सुचवली. मृत्यू कमी करून दाखवलेल्या जुन्या टेस्टच्या शेजारी नवी टेस्ट बसवा. आजार असलेल्यांना पकडण्यात ती जुनीच्या किमान ९० टक्के हवी, निरोग्यांना सोडून देण्यात किमान ९८ टक्के, आणि त्याच नमुन्यावर पुन्हा केली तर उत्तर सहसा बदलता कामा नये. ९० आणि ९८ यांतली तफावत लक्षात घ्या. मोहिमेत येणाऱ्या बहुसंख्य बाया निरोगी असतात, तेव्हा त्यांना विनाकारण त्रास न देण्याची अट अधिक कडक ठेवली आहे. कोणी टेस्ट विकायला आलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: या कसाला ती उतरली आहे का?

दुसरा प्रश्न, ती काय शोधते. बहुतेक टेस्ट विषाणूचा डीएनए शोधतात. काही ई६ आणि ई७ या जनुकांचा आरएनए शोधतात, म्हणजे विषाणू नुसता आहे की कामाला लागला आहे ते पाहतात. त्यांत उगाच घाबरणाऱ्या थोड्या कमी. तिसरा, ती किती नावं घेते. हायब्रिड कॅप्चर २ तेरा प्रकारांपैकी एखादा आहे एवढंच सांगते, कोणता ते नाही. नंतरच्या काही टेस्ट १६ आणि १८ वेगळे सांगतात, आणि १६ असलेल्या बाईकडे अधिक घाईनं बघावं लागतं. जास्त प्रकार शोधणारी टेस्ट अधिक चांगली, हाही एक भ्रम. बऱ्याच टेस्टमध्ये ६६ नंबरचा प्रकार धरलेला असतो, तो कर्करोगात क्वचितच सापडतो. त्याला पकडून फक्त चिंता वाढते. गोव्यात बनणाऱ्या ट्रूनॅटच्या आधीच्या चिपवर चारच प्रकार होते: १६, १८, ३१ आणि ४५. पुढच्या आवृत्तीत आठ झाले. मला हा आठाचा आकडा समंजस वाटतो.

चौथा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित आहे. नमुन्यात बाईच्या पेशी आहेत की नाहीत, हे टेस्टला कळतं का? हायब्रिड कॅप्चरला कळत नाही. रिकामी नळी दिली तरी ती शांतपणे ‘नाही’ म्हणेल. पीसीआरवर चालणाऱ्या पुष्कळ टेस्ट माणसाचं एक जनुकही सोबत शोधतात आणि ते सापडलं नाही तर उत्तर द्यायला नकार देतात. बाईनं स्वतःच ब्रशनं नमुना घ्यायचा असेल तर हा फरक फार मोठा ठरतो. पुरुष डॉक्टर, उघडं टेबल, लोखंडी स्पेक्युलम यांना कंटाळून न येणाऱ्या बाया स्वतः नमुना द्यायला तयार होतात, हा अनेक देशांचा अनुभव आहे. पीसीआरच्या टेस्टमध्ये असा नमुना डॉक्टरनं घेतलेल्याच्या तोडीस तोड ठरतो. हायब्रिड कॅप्चरसारख्या जुन्या पद्धतीत तो मागे पडतो. तेव्हा टेस्टची तुलना नुसत्या टेस्टची नसते, नमुना कुणी घेतला हेही त्यात येतं.

आणि नमुना देऊन झाल्यावर बाई किती वेळ थांबते, हेसुद्धा. केअरएचपीव्ही नावाची स्वस्त टेस्ट खास गरीब देशांसाठी तयार झाली. नळाचं पाणी नसलं तरी चालेल अशी, अडीच तासांत उत्तर देणारी. कागदावर छान. पण ती एका वेळी नव्वद नमुन्यांचं ताट लावते. नव्वद बाया जमेपर्यंत पहिली घरी गेलेली असते. याउलट जीनएक्स्पर्ट किंवा ट्रूनॅटसारखं यंत्र एकेकीचा नमुना तासा-दीड तासात सोडवतं, आणि क्षयरोगाच्या कार्यक्रमामुळे ही यंत्रं बऱ्याच तालुक्यांत आधीच पोचलेली आहेत. खर्च दर नमुन्यामागे जास्त, हे खरं. पण जिला पुन्हा शोधायला आशाताईंना तीन खेटे घालावे लागतात, तिची स्वस्त टेस्ट खरंच स्वस्त पडते का?

‘आहे’बद्दल मी कमी लिहिलं, कारण पुस्तकाचा उत्तरार्ध त्यावरच आहे. एकच गोष्ट सांगते. उस्मानाबादला एचपीव्ही टेस्टनं दर शंभरांत दहाजणींना ‘आहे’ सांगितलं, आणि त्या दहांतल्या साधारण एकीला उपचाराजोगा बदल निघाला. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या दहापैकी नऊजणींना काही झालेलं नसतं. ज्या एकीला असतं, तिलाही बहुधा बाधित भाग गोठवून, भाजून किंवा तारेनं काढून टाकला की पुरतं. पिशवी काढावी लागत नाही. हे आपल्याकडे मोठ्यानं सांगायला हवं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९मध्ये देशभर गाजली. पोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं म्हणून गेलेल्या कितीजणींना ‘काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं होतं. त्याच पट्ट्यात उद्या एचपीव्हीचा कागद हातात पडेल. त्या कागदावरचं ‘पॉझिटिव्ह’ कोण वाचून दाखवतं आणि कोणत्या शब्दांत, यावर बरंच काही ठरेल. इंग्रजीत छापलेला तो एक शब्द वाचून नवऱ्यानं घराबाहेर काढल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत.

लशीचा विषय या पुस्तकाबाहेरचा. एवढंच, की पुण्यात बनलेल्या लशीसह लसीकरण जसजसं वाढेल, तसतसं पॅपला शोधायला काही उरणार नाही आणि तिच्या चुकाच जास्त दिसतील; ऑस्ट्रेलियानं २०१७च्या डिसेंबरात पॅप सोडून दर पाच वर्षांनी एचपीव्ही टेस्ट धरली त्यामागे हेही एक कारण होतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारसही तीच: तिशीनंतर एचपीव्ही टेस्ट, पाच ते दहा वर्षांनी. ती मिळतच नसेल तर पॅप किंवा व्हीआयए, पण मग दर तीन वर्षांनी.

मागे एका गावातल्या शिबिरात चाळिशीच्या एका बाईनं मला घडी घातलेलं कार्ड दाखवलं. आधी कुठल्यातरी शिबिरात मिळालेलं. नाव, वय, आणि निकालाच्या रकान्यात ‘नॉर्मल’. कोणती टेस्ट, ते नाही. पुढची तारीख, तीही नाही. त्यासाठी रकानाच छापलेला नव्हता. ‘‘आता परत कधी करायची बाई?’’ तिनं विचारलं. पॅप किंवा व्हिनेगरचं नॉर्मल असेल तर तीन वर्षं, एचपीव्हीचं असेल तर पाच ते दहा. मी नर्सला विचारलं, तिला ठाऊक नव्हतं. शेवटी त्या बाईलाच विचारलं, ‘‘तेव्हा आत काही लावून थोडा वेळ तसंच पडून राहायला सांगितलं होतं का?’’

‘‘हो,’’ ती म्हणाली, ‘‘जरासं चुरचुरलं होतं.’’

मी कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं: व्हीआयए, तीन वर्षं.